मैत्री दोन देशांची, माप आमच्या तुरीचं

लातूरच्या अडत बाजारात तुरीला परदेशांवरून नावं पडली आहेत. ब्रह्मदेशातून येते ती 'लेमन', टांझानियाची ती 'अरुषा' आणि मोझांबिकची ती 'गजरी'. किल्लारीतल्या शेतकऱ्याला अरुषा हे गाव नकाशावर दाखवता येणार नाही. नकाला बंदर कुठल्या समुद्रावर आहे हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पण मुंबईत गजरीचा भाव काय निघाला याचा फोन आला, की त्याच्या स्वतःच्या कट्ट्याचं काय होणार हे तो अडत्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. हा धडा त्याला शाळेत मिळालेला नाही, तो हिशोबपट्टीवर शिकला आहे.

या गजरीमागे दोन देशांची मैत्री आहे. भारत आणि मोझांबिक. या मैत्रीबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, कारण ती वादग्रस्त नाही. पाकिस्तान, चीन, बांगलादेश यांच्यावर आपल्याकडे रोज रात्री टीव्हीवर रणकंदन होतं. मोझांबिकवर कशाला होईल? आणि म्हणूनच मला त्यावर लिहायचं आहे. जिथे भांडण नसतं तिथे काय ठरलं हे कुणी विचारत नाही.

७ जुलै २०१६ रोजी पंतप्रधान मापुतोत होते. तिथे जे करार झाले त्यांत एक डाळींचा होता. मोझांबिकने तूर आणि इतर कडधान्यं पिकवायची आणि भारताने ती घ्यायची. पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन. पुढे २०२१ साली हा करार आणखी पाच वर्षांनी वाढला, दरवर्षी २ लाख टन. ही मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. नंतर अशीच लेखी हमी मलावीला मिळाली, म्यानमारला मिळाली.

करार झाला तो काळ आठवा. २०१५ च्या दिवाळीला किरकोळ बाजारात तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत गेली होती. शहरात हाहाकार होता. दोन वर्षं मराठवाड्यात पाऊस नव्हता आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यामुळे परदेशातून डाळ आणण्याची धडपड समजण्यासारखी होती. पण नेमक्या त्याच जुलैत आमच्याकडे पाऊस चांगला पडत होता, डाळीचा भाव बघून शेतकऱ्याने तुरीचा पेरा वाढवला होता आणि सरकारही तूर लावा म्हणून सांगत होतं. त्या हंगामात देशात ४८ लाख टनांच्या वर तूर निघाली. आदल्या वर्षी ती २५-२६ लाख टन होती. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

आणि मग काय झालं ते औशापासून उमरग्यापर्यंत प्रत्येक घरात माहीत आहे. हमीभाव ५,०५० रुपये, त्यात ४२५ बोनसचे. बाजारात मात्र त्याच्या कितीतरी खाली सौदे निघत होते. नाफेडच्या केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, रांगेत रात्री, बारदाना संपला म्हणून काटा बंद, चाळणी लावायची आहे म्हणून काटा बंद. २२ एप्रिल २०१७ ला केंद्रंच बंद करण्यात आली. ओरड झाल्यावर राज्य सरकारला पुन्हा खरेदीत उतरावं लागलं. सत्ताधारी पक्षाच्या तेव्हाच्या प्रदेशाध्यक्षांच्या तोंडून तुरीवरून रडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी जो शब्द निघाला, तो मी इथे लिहीत नाही. मराठवाडा तो विसरलेला नाही.

याच काळात केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी डाळींवर एक अहवाल दिला होता, सप्टेंबर २०१६ मध्ये. तुरीचा हमीभाव ६,००० करा, साठामर्यादा काढा, निर्यातबंदी उठवा. सरकारचाच माणूस, सरकारलाच सांगत होता. पुढच्या हंगामाला हमीभाव मिळाला ५,४५०. डाळीची निर्यात २००६ पासून बंद होती, ती तुरीपुरती उघडली सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून माल गेल्यानंतर.

इथवरची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. दिल्लीने शेतकऱ्याला कसं बुडवलं हे आपण शरद जोशींपासून ऐकत आलो. पण त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग समुद्रापलीकडे घडला आणि तो आपल्याकडे कुणी सांगत नाही.

मोझांबिकच्या उत्तरेला नांपुला आणि झांबेझिया हे प्रांत आहेत. तिथला शेतकरी आपल्यासारखाच, किंबहुना आपल्याहून लहान. कोरडवाहू जमीन, नांगर बहुतेकांकडे नाही, कुदळीवर शेती. मक्यात तूर आंतरपीक घेतो, जशी आपण सोयाबीनच्या तासांत घेतो. तूर तो स्वतः फारशी खात नाही. पिकवतो ती विकण्यासाठी आणि विकत घेणारा जगात जवळपास एकच देश आहे, आपला. त्याला २०१६ साली सांगण्यात आलं की भारत घेणार आहे, लावा. त्याने लावली. ५ ऑगस्ट २०१७ ला भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा कराराचा कोटा या मर्यादेबाहेर ठेवला होता, हे खरं. पण पिकली होती ती कोट्याहून कितीतरी जास्त. तिथला भाव असा कोसळला की शेतातून तूर काढून आणण्याची मजुरीही निघेना.

म्हणजे २०१७ साली एकाच मैत्रीखाली दोन शेतकरी गाडले गेले. एक किल्लारीचा, एक नांपुलाचा. दोघांनाही वाटलं की आपल्याला दुसऱ्याने मारलं.

हे मी का उगाळतोय? तर दर हिवाळ्यात आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप गटांवर आफ्रिकन तुरीविरुद्ध जे फिरतं त्याच्यामुळे. 'ही तूर शिजत नाही', 'तिला चव नाही', 'भेसळ आहे', आणि मग माणसांच्या रंगावरून विनोद. डाळ गिरणीवाल्याला विचारा. तो सांगेल की आपल्या बदनापूरच्या वाणांच्या, बीएसएमआर ७३६ च्या किंवा बीडीएन ७११ च्या दाण्याला उतारा चांगला मिळतो, डाळ चवीला सरस होते, म्हणून तिला दोन पैसे जास्त आहेत. तो हेही सांगेल की गणपतीनंतर देशी मालाची आवक आटते, तेव्हा गजरी आणि लेमन नसती तर गिरणीचा पट्टा बंद ठेवावा लागला असता आणि हमालाला, चाळणीवरच्या बायांना घरी बसावं लागलं असतं. त्या हमालांत आणि बायांत आपले लोक किती आहेत ते लातूरच्या वाचकाला मी सांगायला नको. तेव्हा परदेशी तूर आलीच नाही पाहिजे असं मी म्हणणार नाही. देश खातो तेवढी तूर देशात दरवर्षी पिकत नाही. आयात लागणारच.

माझं भांडण ती कधी येते, किती येते आणि हे कोण ठरवतं, याच्याशी आहे.

मोझांबिकची तूर निघते आपल्या आषाढ-श्रावणात. नकालातून जहाजं निघून न्हावा शेवाला लागेपर्यंत पितृपक्ष, दसरा येतो. दिल्लीचा युक्तिवाद असा की आपल्या नव्या मालाच्या आधीची पोकळी त्यामुळे भरते. कागदावर बिनचूक. पण व्यापाऱ्याची गोदामं त्या वेळी भरली, की मार्गशीर्ष-पौषात आपला माल बाजारात उतरतो तेव्हा त्याला घाई कसली? तो थांबतो. शेतकरी थांबू शकत नाही, कारण त्याला सोसायटीचं कर्ज आहे, पोरीचं लग्न आहे, रब्बीच्या हरभऱ्याला पाणी द्यायला मोटारीचं बिल आहे. धुईत फुलं गळली, शेंगअळीतून वाचली, मर आणि वांझ रोगातून उरली ती तूर घेऊन तो यार्डात उभा राहतो आणि पलीकडे कुणालाही तिची निकड नसते.

यावर आयात शुल्क लावा, असं आपले पुढारी म्हणतात. लावलं होतं की. मार्च २०१७ मध्ये तुरीवर १० टक्के शुल्क लागलं. पण गरीब, अल्पविकसित देशांच्या मालाला शुल्कात सूट देण्याचं भारताने २००८ सालीच जाहीर केलेलं होतं आणि मोझांबिक, टांझानिया, मलावी, म्यानमार हे सगळे त्या यादीत येतात. जिथून तूर येते तिथल्या मालाला ते शुल्क लागूच होत नव्हतं. शुल्क लावल्याची बातमी मात्र आपल्या गावच्या चावडीवर पोचली आणि पुढाऱ्याच्या सत्कारातही वापरली गेली. राज्यात कृषिमूल्य आयोग आहे, त्याच्या अध्यक्षपदी आमच्याच औसा तालुक्यातले पाशा पटेल बसले, ते सोयाबीन-तुरीच्या भावासाठी पायपीट केलेले गृहस्थ. पण आयोगाने शिफारस करायची, आयातीच्या तारखा वाणिज्य मंत्रालयाने काढायच्या. आयोगावर औशाचा माणूस असूनही औशाला त्या तारखांची चाहूल लागली नाही.

आता अलीकडचं बघा. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली. ती दर वर्षी 'फक्त पुढच्या मार्चपर्यंत' म्हणून वाढत गेली. २०२३ च्या जूनमध्ये भाव चढले तर व्यापाऱ्यांवर साठामर्यादा आली. जानेवारी २०२५ मध्ये नवी तूर हमीभावाच्या, ७,५५० च्या खाली यायला लागली होती, नेमक्या त्याच महिन्यात बिनशुल्क आयातीला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. आणि त्यानंतर दोन आठवडेही गेले नसतील, १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात तूर, उडीद, मसूर यांच्या आत्मनिर्भरतेसाठी सहा वर्षांचं मिशन जाहीर झालं. एका हाताने दार सताड उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने दारावर स्वावलंबनाची पाटी लावायची. मिशनची घोषणा बाके वाजवून झाली, मुदतवाढीची अधिसूचना मुकाट्याने निघाली. किल्लारीच्या शेतकऱ्याचा भाव अधिसूचनेने ठरतो.

सरकारी बाजूने मैत्रीचा दाखला दिला जातो. आफ्रिकेशी जुने संबंध, ऊर्जासुरक्षा, हिंदी महासागर. हे संबंध खोटे नाहीत आणि त्यांची टिंगल मला करायची नाही. मोझांबिक या नावातच, तिथल्या परंपरेप्रमाणे, मुसा बिन बिक नावाचा एक अरब शेख आहे. त्याच्या बेटावर वास्को द गामा १४९८ मध्ये पोचला, कालिकतला येण्याआधी. पोर्तुगीजांनी १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालवला. गोव्याचे कारकून आणि पाद्री, दीव-दमणचे बनिये, कच्छ-काठियावाडचे मुसलमान व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला त्याचा राग पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता घेतल्या, हाकललं. आपण पणजीत तिरंगा फडकल्याचा आनंद करतो तेव्हा त्याची किंमत मोजलेली ही माणसं कुणाला आठवत नाहीत. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला, त्या लढ्याला भारताची सहानुभूती होती. १९८२ मध्ये इंदिरा गांधी तिथे जाऊन आल्या. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने बैरा शहर उद्ध्वस्त केलं, तेव्हा भारतीय नौदलाची सुजाता आणि शार्दूल, तटरक्षक दलाची सारथी ही जहाजं पहिल्यांदा मदतीला पोचलेल्यांत होती. रोवुमा खोऱ्यातल्या नैसर्गिक वायूच्या एका मोठ्या प्रकल्पात भारताच्या सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. त्या भागात, काबो देल्गादोत, २०१७ पासून धर्माचं नाव घेऊन सशस्त्र टोळ्यांनी जो धुमाकूळ घातला त्यात बळी पडलेल्यांत तिथले गरीब मुसलमान शेतकरी-कोळीही आहेत, हे आपल्याकडच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी ध्यानात घ्यावं असं आहे.

आपल्यातले काही जण मला विचारतात, मोझांबिकच्या उत्तरेत मुसलमान बरेच आहेत, मग त्यांच्या तुरीविरुद्ध का लिहिता? देशातल्या लोकसंख्येत ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहेत आणि किनाऱ्यावर तर पुष्कळ. पण मी त्यांच्या विरुद्ध लिहीतच नाही. आणि तुरीला धर्म चिकटवण्याचा उद्योग आपण करू नये. तो करणारे पुष्कळ आहेत. मलेशियाच्या महातिर यांनी काश्मीर आणि नागरिकत्व कायद्यावर टीका केली, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध आणले. त्याच्या आदल्याच वर्षापर्यंत, तेल स्वस्तात येतं म्हणून सोयाबीनचा भाव पडतो, हे आमचे शेतकरी घसा फोडून सांगत होते. त्यांच्या सांगण्याने जे झालं नाही ते एका परदेशी पंतप्रधानाच्या भाषणाने झालं. आणि २०२३ मध्ये कॅनडाशी वितुष्ट आलं, राजदूत परत पाठवण्यापर्यंत गेलं, तरी कॅनडाची मसूर येतच राहिली. मैत्री झाली तरी आयात, भांडण झालं तरी आयात, आणि कधी आयात थांबली तर ती शेतकऱ्यासाठी थांबलेली नसते. या सगळ्यात औशाच्या यार्डातला भाव हा कुठल्याच चर्चेचा विषय नव्हता.

मराठवाड्याला पूर्व आफ्रिकेचं वावडं असण्याचं कारणच नाही. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला. औसा आणि परंडा हे किल्ले त्याच्या सुरुवातीच्या राजकारणाची ठिकाणं. खडकी त्याने वसवली, तिचं पुढे औरंगाबाद झालं. खुलताबादेत त्याची कबर आहे. त्याचं नाव आजही महसुलाच्या इतिहासात घेतलं जातं ते जमीन बघून, पीक बघून सारा ठरवण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे. आधी रान बघायचं, मग आकडा लिहायचा. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे सुचलं ते मापुतोत सही करणाऱ्या आजच्या अधिकाऱ्यांना का सुचत नाही? २ लाख टन हा आकडा लिहिताना आपल्याकडे त्या वर्षी पेरा किती झाला हे कुठे बघितलं? जो आकडा दुष्काळी वर्षाला ठीक, तोच भरघोस वर्षालाही चालवायचा, असा हा करार होता.

आपल्या फिकहच्या पुस्तकांत एक बाब आहे, तिला 'तलक्की-उर-रुकबान' म्हणतात. धान्य घेऊन येणाऱ्या काफिल्याला गावाबाहेर गाठून, बाजारात काय भाव चालू आहे हे त्याला कळायच्या आत सौदा उरकू नये, अशी ती मनाई. पिकवणाऱ्याला भाव माहीत नसताना केलेला सौदा शरीयतने नापसंत केला. दुसरी हदीस अशी की, महागाई झाली म्हणून लोकांनी पैगंबर साहेबांकडे (स.) भाव बांधून देण्याची मागणी केली, तर त्यांनी नकार दिला, कुणावर जुलूम झाल्याचा दोष घेऊन अल्लाहसमोर जायचं नाही म्हणून. दर शुक्रवारी तिजारतीतल्या सचोटीवर बयान होतं, त्यात दुकानदाराच्या तराजूचा उल्लेख हमखास येतो. शहराला डाळ स्वस्त मिळावी म्हणून बंदरावरून भाव पाडणाऱ्या तराजूचा उल्लेख मी अजून ऐकलेला नाही. नांपुलातल्या शेतकऱ्याला भारताची अधिसूचना कळत नाही, किल्लारीतल्या शेतकऱ्याला नकालाचं जहाज कळत नाही, आणि दोन्ही ठिकाणी ज्याला कळतं तो मधला माणूस काफिल्याला गावाबाहेर गाठतो. २०२३ च्या अखेरीला नकाला बंदरात तिथल्या बड्या निर्यातदारांचं आपसात कोर्टापर्यंत भांडण पेटलं, भारतात यायची तूर तिथे अडकून पडली आणि इथे भाव चढले. तिथे पिकवणाऱ्याने तर केव्हाच विकून टाकली होती. चढलेल्या भावातला एक मेटिकाल त्याच्या खिशात गेला नाही.

परदेशी मैत्री म्हणजे काय हे किल्लारीला शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं त्यानंतर जगाच्या कानाकोपऱ्यातून तंबू, औषधं, डॉक्टर, पैसा आला. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं कर्ज आलं, लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं नव्या जागी वसली. त्या कार्यक्रमाच्या चुका पुष्कळ होत्या. शहरी कॉलनीसारख्या सरळ रेषेत घरं बांधली, गोठा कुठे, कडबा कुठे, शेजार कुठे याचा विचार अनेक ठिकाणी राहून गेला. पण एक गोष्ट त्यात होती. कर्ज परदेशी असलं तरी नकाशा गावासमोर ठेवायची पद्धत होती. ज्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त करायची होती तिथे 'संवाद सहायक' नेमले गेले, पुष्कळ ठिकाणी त्या गावातल्याच बाया होत्या. कुठल्या हप्त्याला किती पैसे, किती सिमेंट, भिंतीला कुठे पट्टा, हे त्या घरोघर सांगत. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये ठरलेली गोष्ट मराठीत, गावच्या बाईच्या तोंडून उंबरठ्यावर पोचवता येते, हे याच जिल्ह्यात सिद्ध झालेलं आहे. मग मापुतोत ठरलेली गोष्ट औसा बाजार समितीच्या फळ्यावर का लिहिता येऊ नये? अमुक महिन्यात अमुक टन गजरी न्हावा शेवाला लागणार, एवढं पेरणीआधी सांगायला कुठलं राष्ट्रीय गुपित फुटतं?

आणि शेतकऱ्यांनी काही मागितलं तर सरकारं ऐकतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांना नांपुलाचंच उदाहरण द्यावं लागेल. जपान, ब्राझील आणि मोझांबिक या तीन मित्रदेशांनी मिळून नकालाच्या पट्ट्यात 'प्रोसवाना' नावाची प्रचंड योजना आखली होती. लक्षावधी हेक्टरवर निर्यातीची शेती, सोयाबीनची सुद्धा. भाषा तीच, मैत्रीची, विकासाची, दक्षिणेकडच्या देशांनी एकमेकांना साथ देण्याची. तिथल्या शेतकरी संघटनेने, उनाकने, विचारलं की आमच्या जमिनीचं काय. २०१३ मध्ये त्यांनी तिन्ही देशांच्या प्रमुखांना खुलं पत्र लिहिलं. नुसतं आपल्या सरकारशी भांडून ते थांबले नाहीत, जपान आणि ब्राझीलमधल्या शेतकऱ्यांशी, संघटनांशी त्यांनी संधान बांधलं. त्यांचे लोक टोकियोत जाऊन बोलले. २०२० मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. ज्यांना आपण व्हॉट्सअॅपवर हसतो त्या कुदळीवाल्या शेतकऱ्यांनी तीन सरकारांची मैत्री अडवून दाखवली. लातूरात शेतकरी संघटना किती आहेत, मोजा. त्यांतल्या एकीने तरी आजवर मोझांबिकच्या शेतकऱ्यांना एक पत्र पाठवलं आहे का? आपल्या संघटनांचं आंतरराष्ट्रीय धोरण म्हणजे तहसीलवर मोर्चा आणि परदेशी तुरीच्या पोत्याची होळी. फोटो येतो, संपतं.

कराराची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्याच्या नूतनीकरणावर माझा आक्षेप नाही. पण करार होताना काय मागायचं हे ठरवायला हवं. कोटा पक्का आकडा म्हणून न लिहिता आपल्या खरीप पेऱ्याशी जोडावा. लातूर, अकोला, कलबुर्गी इथला भाव हमीभावाच्या खाली असेल तितके दिवस नव्या आयातीला परवाना नसावा. शुल्काची सूट गरीब देशांना द्यायची आहे तर द्या, पण किमान आयात मूल्य ठरवा. पिवळ्या वाटाण्याला हे करून झालेलं आहे, नवं काही नाही. त्या मूल्यातला ठरलेला वाटा तिथल्या उत्पादकाला मिळाला याचा दाखला निर्यातदाराकडून घ्या. आपला भाव वाचेल आणि त्यांचाही. आणि करार झाल्यावर त्याचा मराठी, कन्नड मसुदा बाजार समित्यांत लावा.

हे फार आहे, असं दिल्लीत म्हणतील. ग्राहकाला डाळ महाग पडेल, असं मुंबई-पुण्यात म्हणतील. २०१५ साली २०० रुपयांची डाळ खाणाऱ्याचे हाल झाले, ते मलाही दिसले. ती डाळ महागली कारण त्याआधी काही वर्षं तुरीत पैसा नव्हता, लोकांनी सोयाबीन धरलं आणि वरून पाऊस गेला. दर वेळी भाव पाडून पेरा घटवायचा, मग टंचाई झाली म्हणून जहाज बोलवायचं, जहाजाने पुन्हा भाव पडतो. ग्राहकाच्या नावाने हा रहाटगाडगा चालतो आणि ग्राहकही त्यातच बुडतो.

औसा, निलंगा, उमरगा इथल्या बाजार समित्यांच्या बैठका उन्हाळ्यात होतात. त्यांत हा ठराव मांडता येतो, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. किल्लारीच्या ग्रामसभेतही मांडता येतो. ज्यांना मांडायचा असेल त्यांना मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. एक प्रत वाणिज्य मंत्रालयाला जावी, एक जिल्ह्याच्या खासदाराला, आणि एक प्रत पोर्तुगीजमध्ये करून नांपुलाच्या शेतकरी संघटनेला. पोर्तुगीज लिहिणारी माणसं गोव्यात अजून आहेत.